ओढ्याच्या पाण्यातले क्लोराइड: नमुना घेण्यापासून आकड्याचा अर्थ लावण्यापर्यंत

पाणीतपासणीत क्लोराइडची मोजणी सोपी समजली जाते, आणि म्हणूनच ती इतक्या वेळा चुकते. ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या तोटीच्या काचनळीतून, थेंब सोडायला कुणीही चार दिवसांत शिकते. चुका होतात त्या त्याआधी, म्हणजे बाटली विसळताना, जागा निवडताना, पीएच (पाण्याची आम्लता) बघताना. आणि नंतर, म्हणजे आलेला आकडा कुठल्या तरी एका मर्यादेशी ताडून मोकळे होताना. म्हणून या लेखात टायट्रेशनइतकीच (ठरावीक तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने घालून केलेल्या मोजणीइतकीच) जागा त्याच्या आगेमागच्या कामांना दिली आहे.

## आधी तीन घोळ मिटवा

क्लोरीन आणि क्लोराइड एक नव्हे. क्लोरीन पाणी निर्जंतुक करायला वापरतात. ते लिटरला मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागातही माशांना घातक ठरते. क्लोराइड हा मिठातला घटक आहे. तो प्रत्येक ओढ्यात थोडा असतोच आणि त्याचा त्रास सुरू होतो तो शेकड्यांत. नळाच्या पाण्यातले क्लोरीन तपासण्याचा संच ओढ्यावर नेला, रंग आला नाही आणि ‘क्लोराइड नाही’ अशी नोंद केली, तर ती नोंद निरर्थक आहे.

ओढा आणि खाडी एक नव्हे. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९,००० मि.ग्रॅ. क्लोराइड असते. जिथवर भरतीचे पाणी चढते, तिथवर गोड्या पाण्याच्या मर्यादा लावताच येत नाहीत. हा लेख भरती न पोहोचणाऱ्या ओढ्यांचा आहे.

आकडा ‘क्लोराइड’चा की ‘मिठा’चा, हे विचारा. काही संच आणि मीटर उत्तर सोडियम क्लोराइडच्या हिशेबात देतात. मिठाच्या आकड्याला ०.६०७ ने गुणले की क्लोराइड मिळते. १०० मि.ग्रॅ. मीठ म्हणजे सुमारे ६१ मि.ग्रॅ. क्लोराइड.

## टप्पा १: जागा आणि वेळ ठरवा

एकाच जागेचा नमुना फारसे काही सांगत नाही. निदान दोन जागा घ्या: जिथून वाढ होत असल्याचा संशय आहे त्याच्या वर एक आणि खाली एक. खालची जागा निवडताना पाणी पूर्ण मिसळले आहे का ते पाहा. नाला जिथे मिळतो त्याच्या लगेच खाली त्याचे पाणी बराच अंतर एका काठाने वाहत राहते. डावा काठ, मध्य आणि उजवा काठ अशी तीन ठिकाणी कंडक्टिव्हिटी (पाण्याची वीज वाहण्याची क्षमता, जी विरघळलेल्या क्षारांसोबत वाढते) मोजा. तिन्ही रीडिंग जवळपास सारखी आली की पाणी मिसळले समजा.

वेळेचे महत्त्व तितकेच. क्लोराइड विघटन पावत नाही, मातीला फारसे चिकटत नाही, उडून जात नाही. कोरड्या दिवसांत पाणी आटते तसे ते दाट होते. लांबलेल्या उघडिपीनंतरच्या पहिल्या सरीत साचलेले मीठ धुऊन येते, आणि पूर चढला की पातळ होते. त्यामुळे निदान वर्षभर दरमहा एक नमुना घ्या आणि पहिल्या पावसाचा वेगळा.

नमुन्यासोबत प्रवाह मोजणे बहुतेक जण टाळतात, आणि तिथेच निष्कर्ष घसरतो. कोरड्या दिवसांत ४० मि.ग्रॅ./लिटर आणि सेकंदाला ५० लिटर प्रवाह असेल, तर सेकंदाला २ ग्रॅम, म्हणजे दिवसाला सुमारे १७३ किलो क्लोराइड वाहते. पावसात तेच २० मि.ग्रॅ./लिटर झाले पण प्रवाह ५०० लिटर झाला, तर दिवसाला ८६४ किलो. आकडा निम्मा झाला, वाहून जाणारा भार पाचपट वाढला. ‘पावसात सुधारणा झाली’ हे वाक्य प्रवाह मोजल्याशिवाय लिहू नका. ढोबळ प्रवाहासाठी सरळ पात्रात तरंगणारी वस्तू सोडून वेग काढा, त्याला ०.८५ ने गुणा आणि मग रुंदी व सरासरी खोलीने गुणा.

## टप्पा २: बाटल्या आणि काचसामान

बाटली प्लॅस्टिकची किंवा काचेची, कोणतीही चालते. क्लोराइडसाठी नमुन्यात काही घालून टिकवावे लागत नाही. झाकण घट्ट असेल तर नमुना २८ दिवस ठेवता येतो. मात्र धुण्याची पद्धत नीट हवी:

- काचसामान हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊ नका. त्याचा उरलेला अंश म्हणजे क्लोराइडच.
- शेवटच्या तीन विसळण्या डिस्टिल्ड वॉटरच्याच हव्यात. नळाच्या पाण्याने विसळून वाळवलेल्या फ्लास्कच्या भिंतीवर मीठ राहते.
- बाटलीच्या तोंडाला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. घामात मीठ असते.

> तपासा: परीक्षानळीत थोडे डिस्टिल्ड वॉटर घेऊन सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका आणि काळ्या कागदासमोर धरा. किंचितही दुधाळपणा दिसला तर ते पाणी वापरू नका. ही एका मिनिटाची तपासणी पुढचा सगळा दिवस वाचवते.

## टप्पा ३: नमुना घेणे

एकाहून जास्त जागा असतील तर खालच्या जागेपासून सुरुवात करून वर जा. उलट गेलात तर तुमच्या पायांनी ढवळलेला गाळ पुढच्या बाटलीत येतो.

१. प्रवाहाच्या दिशेने तोंड करून नव्हे, प्रवाहाला सामोरे उभे राहा. बाटली तुमच्या पुढे, वरच्या अंगाला धरा.
२. ओढ्याच्याच पाण्याने बाटली तीन वेळा विसळा आणि ते पाणी खालच्या अंगाला फेका.
३. वाहत्या भागात, पृष्ठभाग आणि तळ यांच्या साधारण मध्यावर बाटली बुडवा. तवंग आणि गाळ दोन्ही टाळा.
४. झाकण लावून लगेच जागा, तारीख, वेळ, मागच्या तीन दिवसांतला पाऊस, पाण्याचे तापमान आणि कंडक्टिव्हिटी लिहा.

खोल, संथ डोह असेल तर पृष्ठभागाच्या नमुन्यावर विसंबू नका. खारे पाणी जड असते, ते तळाशी बसते. डोहाच्या वरच्या आणि तळाच्या कंडक्टिव्हिटीत मोठा फरक दिसला तर दोन वेगळे नमुने घ्या.

> इशारा: पीएच आणि कंडक्टिव्हिटी मोजायला वेगळ्या कपात पाणी घ्या. पीएचच्या इलेक्ट्रोडमध्ये पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण असते आणि ते सावकाश झिरपते. तो इलेक्ट्रोड नमुन्याच्या बाटलीत बुडवला, की मोजायचा पदार्थ आपणच बाटलीत घातला.

## टप्पा ४: द्रावणे तयार करा

इथे सांगितलेली पद्धत सिल्व्हर नायट्रेटच्या टायट्रेशनची, म्हणजे मोहर पद्धत. कागदी पट्ट्या झटपट आहेत, पण साधारण ३० मि.ग्रॅ./लिटरच्या खाली त्या काही सांगत नाहीत, आणि निकोप ओढ्याचा आकडा बहुधा त्याच्याही खालीच असतो.

प्रमाणित मीठ द्रावण (०.०१४१ नॉर्मल; नॉर्मॅलिटी म्हणजे द्रावणाच्या तीव्रतेचे माप): शुद्ध सोडियम क्लोराइड १४० अंश सेल्सिअसला वाळवा, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा, ०.८२४ ग्रॅम तोलून डिस्टिल्ड वॉटरमध्ये बरोबर १ लिटर करा. या द्रावणाच्या १ मि.लि.मध्ये ०.५ मि.ग्रॅ. क्लोराइड असते. खायचे मीठ चालणार नाही. त्यात ओल असते आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून इतर पदार्थ घातलेले असतात.

सिल्व्हर नायट्रेट (०.०१४१ नॉर्मल): २.३९५ ग्रॅम, १ लिटरमध्ये. तपकिरी बाटलीत, अंधारात ठेवा. त्वचेला लागले तर काळे डाग पडतात, हातमोजे घाला.

पोटॅशियम क्रोमेट: ५० ग्रॅम थोड्या पाण्यात विरघळवा, स्पष्ट लाल साका (न विरघळता खाली बसणारा पदार्थ) दिसेपर्यंत सिल्व्हर नायट्रेट घाला, १२ तास ठेवा, गाळा आणि १ लिटर करा. हा लाल साका काढण्याचा खटाटोप अनेक जण वगळतात. क्रोमेटमध्ये अशुद्धी म्हणून असलेले क्लोराइड तिथेच निघून जाते, म्हणून तो वगळू नका.

> इशारा: क्रोमेटमधले क्रोमियम कर्करोगकारक आहे. तोंडाने पिपेट ओढू नका, पूड उडवू नका, आणि ही रसायने ओढ्याच्या काठावर नेऊ नका. काठावर फक्त बाटल्या आणि मीटर न्या.

## टप्पा ५: ब्लँक आणि प्रमाणीकरण

ही पायरी रोज, नमुन्यांच्या आधी करायची. गेल्या महिन्यात काढलेली नॉर्मॅलिटी आज धरू नका.

ब्लँक (नमुन्याऐवजी शुद्ध पाण्याची मोजणी): १०० मि.लि. डिस्टिल्ड वॉटर, १ मि.लि. क्रोमेट आणि क्लोराइडमुक्त कॅल्शियम कार्बोनेटची चिमूट. कार्बोनेटमुळे पाणी खऱ्या नमुन्यासारखे पांढुरके दिसते आणि रंगाची तुलना जमते. साधारणपणे ०.२ ते ०.३ मि.लि. सिल्व्हर नायट्रेट लागते. अर्धा मि.लि. लागले तर पाणी, काच किंवा क्रोमेट यांपैकी काहीतरी दूषित आहे. पुढे जाऊ नका.

प्रमाणीकरण: १० मि.लि. मीठ द्रावण पिपेटने घेऊन डिस्टिल्ड वॉटरने १०० मि.लि. करा, १ मि.लि. क्रोमेट घाला, टायट्रेट करा. समजा १०.४ मि.लि. लागले आणि ब्लँक ०.२ होता. सिल्व्हर नायट्रेटची खरी नॉर्मॅलिटी = ०.०१४१ × १० ÷ १०.२ = ०.०१३८. पुढच्या हिशेबात हाच आकडा धरा, बाटलीवरचा नको.

## टप्पा ६: टायट्रेशन

१. नमुना खोलीच्या तापमानाला येऊ द्या. १०० मि.लि. मोजून शंकुपात्रात घ्या.
२. पीएच ७ ते १० या दरम्यान आहे का ते वेगळ्या कपात पाहा. नसेल तर सल्फ्युरिक आम्ल किंवा सोडियम हायड्रॉक्साइडने आणा. हायड्रोक्लोरिक कधीच नाही.
३. १ मि.लि. क्रोमेट घाला. पाणी लिंबासारखे पिवळे होते.
४. फ्लास्कखाली पांढरी फरशी ठेवा, शेजारी संपवलेला ब्लँक तुलनेसाठी ठेवा. उजेड दिवसाचा हवा. पिवळसर दिव्याखाली हा बदल नीट दिसत नाही.
५. ब्युरेट उघडा आणि फ्लास्क सतत फिरवत राहा.

इथे जरा थांबून बघायला हवे. थेंब पडतो तिथे विटकरी रंगाचा भोवरा उठतो आणि फिरवताच विरतो. पाणी हळूहळू दुधाळ पिवळे होत जाते. सुरुवातीला भोवरा क्षणात जातो. शेवट जवळ आला की तो रेंगाळू लागतो, दोन-तीन सेकंद टिकतो. इथून एकेक थेंब. ज्या थेंबानंतर सगळ्या पाण्याला गुलाबीसर पिवळी छटा येते आणि फिरवूनही जात नाही, तो शेवट. लालभडक व्हायची वाट पाहिलीत तर तुम्ही शेवट ओलांडलेला आहे. ही या पद्धतीतली सर्वांत नेहमीची चूक आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ब्लँक, प्रमाणीकरण आणि नमुना या तिन्हीत एकाच छटेला थांबायला हवे, आणि एका दिवसाचे सगळे टायट्रेशन एकाच माणसाने करावे.

२० मि.लि. पेक्षा जास्त लागू लागले तर थांबा. नमुना २५ मि.लि. घेऊन डिस्टिल्ड वॉटरने १०० मि.लि. करा आणि पुन्हा सुरुवात करा.

काय बिघडते आणि का:

पीएच ७ च्या खाली असेल तर क्रोमेटचे रूप बदलते, लाल साका उशिरा येतो आणि क्लोराइड खऱ्यापेक्षा जास्त दिसते. पीएच १० च्या वर चांदी ऑक्साइडच्या रूपात खाली बसते. तिथेही आकडा फुगतो. म्हणजे दोन्हीकडची चूक एकाच दिशेची आहे, म्हणून सरासरी काढून ती भरून निघत नाही.

कुजक्या अंड्याचा वास येत असेल तर पाण्यात सल्फाइड आहे. १०० मि.लि. नमुन्यात १ मि.लि. हायड्रोजन पेरॉक्साइड (३० टक्के) घालून मिनिटभर ढवळा आणि मग टायट्रेट करा. सांडपाणी मिळणाऱ्या ओढ्यांत हे हमखास लागते.

पाणी गढूळ किंवा रंगीत असेल तर क्लोराइडमुक्त ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे ३ मि.लि. मिश्रण घाला, बसू द्या, गाळा. गाळणकागद आधी डिस्टिल्ड वॉटरने धुऊन घ्या. घाईत पॉलीॲल्युमिनियम क्लोराइड घालू नका. पाणी स्वच्छ होईल, पण क्लोराइड वाढेल.

लोह लिटरला १० मि.ग्रॅ.च्या वर असेल तर त्याचा रंग शेवट झाकतो. ब्रोमाइड आणि आयोडाइड क्लोराइड म्हणूनच मोजले जातात, पण समुद्रापासून दूरच्या ओढ्यात ते सहसा नगण्य असतात.

> इशारा: टायट्रेशन झालेले द्रव मोरीत ओतू नका, ओढ्यात तर मुळीच नाही. विरघळलेली चांदी जलचरांना फार कमी प्रमाणातही विषारी असते आणि सोबत क्रोमियम आहेच. नाव लिहिलेल्या वेगळ्या कॅनमध्ये साठवा आणि घातक कचरा स्वीकारणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्या. ओढ्याच्या काळजीपोटी केलेल्या कामाने ओढाच विषारी होऊ नये.

## टप्पा ७: हिशेब आणि पडताळणी

क्लोराइड (मि.ग्रॅ./लिटर) = (नमुन्याचे रीडिंग − ब्लँक) × नॉर्मॅलिटी × ३५,४५० ÷ नमुन्याचे मि.लि.

समजा त्या दिवशी प्रमाणीकरणात नॉर्मॅलिटी बरोबर ०.०१४१ निघाली. नमुना १०० मि.लि., रीडिंग ७.४, ब्लँक ०.२: उत्तर ३६ मि.ग्रॅ./लिटर.
नमुना २५ मि.लि. (१०० केलेला), रीडिंग १२.६, ब्लँक तोच: उत्तर २४८ मि.ग्रॅ./लिटर. पातळ केलेल्या नमुन्यात भागाकार २५ ने करायचा, १०० ने नाही. ही चूक झाली की २४८ चे ६२ होतात आणि आजारी ओढा निरोगी ठरतो.

प्रत्येक दिवसाच्या कामात दोन पडताळण्या हव्यात:

- एक नमुना दोनदा टायट्रेट करा. फरक ०.२ मि.लि.च्या आत हवा.
- एका नमुन्यात ५ मि.लि. प्रमाणित मीठ द्रावण घालून पुन्हा टायट्रेट करा. सिल्व्हर नायट्रेटही ०.०१४१ असेल तर रीडिंग ५ मि.लि.ने वाढायला हवे. ४.८ ते ५.२ ठीक. त्याबाहेर गेले तर नमुन्यात काहीतरी अडथळा आणते आहे. वरच्या यादीकडे परत जा.

## टप्पा ८: आकडा निरोगी आहे का?

पहिली तुलना त्याच ओढ्याच्या वरच्या, अस्पर्शित भागाशी करा. समुद्रापासून दूर आणि मिठाचे थर नसलेल्या भागात नैसर्गिक क्लोराइड काही मिलिग्रॅमपासून काही दशक मिलिग्रॅमपर्यंत असते. वरती ८ आणि खाली ७० असेल तर ७० कोणत्याही मर्यादेच्या आत असूनही ओढ्यात काहीतरी मिळते आहे. उलट, आकडा २ किंवा ३ आला तर घाबरायचे कारण नाही. ‘क्लोराइड कमी पडते आहे’ अशी ओढ्याची तक्रार नसते.

त्यानंतर मर्यादा. जलचरांसाठी कॅनडाने २०११ मध्ये दीर्घकाळासाठी १२० आणि थोड्या काळासाठी ६४० मि.ग्रॅ./लिटर सुचवले. अमेरिकेच्या १९८८ च्या निकषात हेच आकडे २३० आणि ८६० आहेत. यातला २३० हा चार दिवसांच्या सरासरीचा आहे आणि तीन वर्षांत एकाहून जास्त वेळा ओलांडला जाऊ नये असा आहे. ८६० हा एका तासाच्या सरासरीचा. म्हणून एका बाटलीत २४० आले म्हणून ‘निकष मोडला’ म्हणता येत नाही, आणि २१० आले म्हणून निर्धास्तही राहता येत नाही. नमुने वाढवा.

पिण्याच्या पाण्याच्या संदर्भात येणारा २५० हा आकडा मुख्यतः चवीवरून आलेला आहे. तो ओढ्यातल्या जीवांना लावू नका. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या अळ्या आणि पाणपिसवा (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) माणसाला खारट लागण्याच्या कितीतरी आधी अडचणीत येतात.

दोन गोष्टींनी धोका बदलतो. पाणी मृदू असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असेल, तर तेच क्लोराइड जास्त घातक ठरते, म्हणून कठीणपणाही मोजा. आणि अमेरिकेचा निकष सोडियमसोबतच्या क्लोराइडचा आहे. पोटॅशियम, कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड येत असेल तर तो पुरेसे संरक्षण देईलच असे नाही.

## टप्पा ९: वाढ कुठून होते ते शोधा

इथे कंडक्टिव्हिटी मीटर खरा कामाचा. टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) मीटरही आत कंडक्टिव्हिटीच मोजतो आणि एका ठरावीक गुणकाने गुणून दाखवतो, त्यामुळे शक्य असेल तर मूळ रीडिंगच लिहा, २५ अंशांना समायोजित केलेले. पण कंडक्टिव्हिटी म्हणजे क्लोराइड नव्हे. चुनखडीच्या भागात ती बायकार्बोनेटमुळेच जास्त असते. आपल्या ओढ्याचे दहा-बारा नमुने दोन्ही पद्धतींनी मोजून आलेख काढा. तो आलेख त्या ओढ्यापुरताच खरा.

मग खालून वर चालत जा, दर शंभर पावलांवर रीडिंग घ्या. जिथे रीडिंग अचानक उतरते, त्या जागेच्या वर आणि खाली बाटली भरा, आणि मध्ये मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याची किंवा पाइपची वेगळी. समजा वर १८, नाल्यात २६० आणि खाली ४७ आले. (४७ − १८) ÷ (२६० − १८) = ०.१२. म्हणजे खालच्या पाण्यातले सुमारे १२ टक्के त्या नाल्याचे. आता नाल्याचा प्रवाह प्रत्यक्ष मोजा. तो एकूण प्रवाहाच्या ५ टक्केच निघाला तर आणखी एक स्रोत तुमच्या नजरेतून सुटला आहे. झिरपणारे भूजल बहुतेक वेळा असेच सुटते.

स्रोत ओळखायला क्लोराइडसोबतच्या खुणा बघा. नायट्रेट, अमोनिया आणि क्लोराइड एकत्र वाढत असतील तर सांडपाणी. पोटॅशियम वाढत असेल तर पोटॅश खत, ज्यात वजनाच्या जवळजवळ निम्मे क्लोराइड असते. सोडियम आणि क्लोराइड दोघेच, मोल हिशेबात (वजनाने नव्हे, कणांच्या संख्येने) जवळपास समान, वाढले तर मीठ: पाणी मृदू करणारी यंत्रे, चामडी किंवा खारवण्याचे उद्योग, बर्फाळ प्रदेशांत रस्त्यांवर टाकलेले मीठ.

स्रोत बंद झाल्यावर पुढच्याच महिन्यात आकडा उतरावा अशी अपेक्षा धरू नका. पाइपमधून थेट येणारे क्लोराइड लगेच थांबते. भूजलात मुरलेले मात्र कोरड्या दिवसांत वर्षानुवर्षे ओढ्यात येत राहते. म्हणून सुधारणा तपासताना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी, तितक्याच प्रवाहाशी तुलना करा, आणि वरच्या जागेचा नमुना घेणे थांबवू नका.